मंत्रीसाहेब, एकाच्या आधी दोन कुठल्या शाळेत शिकवतात?

माननीय केंद्रीय शिक्षणमंत्री महोदय यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्राची सुरुवात अशी करायची असं आम्ही चौथीच्या पोरांना शिकवतो म्हणून केली, नाहीतर सप्रेम वगैरे काही वाटत नाहीये सध्या. मी सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत टीचर आहे, २००३ सालापासून. आमच्याकडे गोव्यात बाईंना बाई कमी आणि टीचरच जास्त म्हणतात. वय ४९. आणि ह्या वयात ८ फेब्रुवारीला, रविवारी, मी सीटेट, म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, देऊन आले.

आधी त्या दिवसाचं सांगते, कारण पाय अजून दुखतायत.

पेपर एक म्हणजे पहिली ते पाचवी शिकवणाऱ्यांचा, पेपर दोन म्हणजे सहावी ते आठवीवाल्यांचा, इथपर्यंत बरोबर ना? माझा पेपर एक. आता कुठल्याही शहाण्या माणसाला विचारा की एकाच दिवशी पेपर एक आणि पेपर दोन असले तर सकाळी कुठला. माझ्या पहिलीतलं पोरगं पण सांगेल. पण तुमच्याकडे पेपर दोन सकाळी साडेनऊला आणि पेपर एक दुपारी अडीचला! वेळापत्रकात पहिल्या ओळीत साडेनऊ बघितलं आणि डोक्यात तेच बसलं. हॉल तिकीट हातात आलं दोन दिवस आधी, ते सायबरवाल्याकडे प्रिंट काढलं तर शाई संपत आलेली, फोटो भुतासारखा आणि खालचं सगळं पुसट, आणि मुळात वेळ आम्हाला पाठच आहे म्हणून परत वाचलंच नाही. चूक माझी, मान्य. शंभरदा मान्य. पण माझ्याबरोबर दुसऱ्या शाळेची एक टीचर होती, तिनेही तेच वाचलं, आमच्या दोघींची नोकरी मिळवली तर चाळीस वर्षांवर जाते आणि आम्ही रोज पोरांना वेळापत्रक वाचायला शिकवतो, तर मग दोघीही एकदम ढ कशा निघालो?

शहर मिळालं घाटावरचं. फॉर्म शेवटी शेवटी भरला, तोवर जवळचं शहर भरून गेलेलं. तर पहाटे साडेतीनला गाडी करून चोर्ला घाट चढलो, थंडी, धुकं, ड्रायव्हर दर वळणावर हॉर्न मारतोय, ती दुसरी टीचर खिडकीबाहेर तोंड काढून ओकतेय, आणि सात वाजता गेटवर हजर. वॉचमनने कागद बघितला, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला मॅडम आपका तो दोपहर का है. साडेबारापर्यंत दोघी एका बंद दुकानाच्या पायरीवर. चपाती-भाजी नऊलाच खाऊन संपवली. संडास कुठे विचारू नका. गाडीचे साडेचार हजार गेले ते वेगळे, फीचे हजार वेगळे.

बरं, ही परीक्षा मी का दिली ते तुम्हाला माहीत असेलच. २३ ऑगस्ट २०१० ला एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, अधिसूचना निघाली, इथून पुढे शिक्षक व्हायला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पाहिजे म्हणून, आणि त्यातच लिहिलं होतं की जे आधीच नियमाने लागलेत त्यांना नको. म्हणजे मला नको. पंधरा वर्षं आम्ही त्या भरवशावर राहिलो. मग १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर घरी. चवथीला गणपतीवर फळं-पानं बांधतो त्या माटोळीचं सामान अजून काढून झालं नव्हतं आणि व्हॉट्सअॅपवर ही बातमी. चारच दिवसांनी ५ सप्टेंबर, शिक्षकदिन, पोरांनी गुलाबाची फुलं दिली. मी ती फुलं हातात घेऊन विचार करत होते की मी पात्र आहे की नाही हे अजून ठरायचंय.

कोर्टाबद्दल मी काही बोलत नाही. कोर्टाने दोन वर्षं दिली, त्यांना वाटलं असणार की परीक्षा वर्षातून दोनदा होते म्हणजे चार संधी, भरपूर झाल्या. त्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं की दोनदा हे फक्त लिहायला असतं. १४ डिसेंबर २०२४ ला सीटेट झाली आणि त्यानंतरची एकदम फेब्रुवारी २०२६. अख्खं २०२५ कोरं! कॅलेंडरची बारा पानं फाडली, परीक्षा नाही. आणि तुमच्याच एनसीटीईच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे की टीईटी वर्षातून निदान एकदा घ्यावी. निदान! मी वर्षातून एकदा वार्षिक परीक्षा घेतली नाही तर मला भागशिक्षणाधिकारी काय म्हणतील? कोविडमध्ये ५ जुलै २०२० ची परीक्षा ३१ जानेवारी २०२१ ला गेली, ते समजू शकतो, जग बंद होतं. २०२५ मध्ये काय बंद होतं साहेब?

आणि त्या वर्षभरात आमच्या मोबाईलवर काय चाललं होतं ते ऐका. रोज एक यूट्यूबवाला लाल अक्षरात, आज रात्री नोटिफिकेशन! जुलैची तारीख फिक्स! ग्रुपवर पीडीएफ, त्यावर सही-शिक्का सगळं, खोटं. माझी भाची तर दर रात्री वेबसाईट उघडून बघून मग झोपायची, लोक देवाला दिवा लावतात तशी. परीक्षा यंदा नाही एवढी एक ओळ लिहून टाकायला काय लागतं? नाही म्हणायला पण नोटीस काढता येते की. ही परीक्षा घेणाऱ्या तुमच्या सीबीएसई मंडळाला गप्प बसणं आणि नाही म्हणणं ह्यातला फरक कळत नाही असं वाटतं.

भाचीचं सांगायलाच पाहिजे, कारण तिच्यामुळे आमच्या घरात सीटेट हा शब्द शिवीसारखा वापरतात. डिचोलीची पोरगी, डीएड करून खाजगी शाळेत आठ हजारांवर राबतेय. डिसेंबर २०२४ च्या परीक्षेची पहिली नोटीस आली, परीक्षा १ डिसेंबर. रविवार. तिचं तेव्हा लग्न जमत होतं, तर घरच्यांनी विचार केला परीक्षा उरकू दे, दोन आठवडे जाऊ देत, साखरपुडा १५ डिसेंबरला ठेवू, तोही रविवार. हॉलवाल्याला ॲडव्हान्स दिला. मग नोटीस आली, प्रशासकीय कारणास्तव परीक्षा १५ डिसेंबरला. बरं म्हटलं, आपणच मागे सरकू, साखरपुडा शनिवारी १४ ला घेऊ. हॉलवाला बिचारा हो म्हणाला. मग तिसरी नोटीस, १५ ला दुसऱ्या परीक्षा आहेत म्हणून सीटेट १४ ला!! आणि त्याच्या खाली शेपूट, की एखाद्या शहरात उमेदवार जास्त झाले तर १५ लाही घेतली जाऊ शकते. म्हणजे १४ पण, १५ पण. भटजी म्हणाले मग आता धनुर्मास लागतो, संक्रांतीनंतर बघा. नवऱ्यामुलाची आई म्हणाली की तुमच्या मनात नसेल तर सरळ सांगा. परीक्षेची पीडीएफ दाखवून विहिणीची समजूत काढणारी मी गोव्यातली पहिली मावशी असेन.

प्रशासकीय कारण म्हणजे काय हो? माझा एक पोरगा आहे तिसरीत, गृहपाठ केला नाही की म्हणतो टीचर काम होतं. मी विचारते कुठलं काम, आणि सांगितल्याशिवाय बसू देत नाही. तुम्हाला कोण विचारणार?

तिने ती परीक्षा दिली आणि १५० पैकी ८७ मार्क पडले. ९० पाहिजेत. तीन मार्कांसाठी पोरगी चौदा महिने थांबली कारण पुढची परीक्षाच नव्हती. सहा महिन्यांनी झाली असती तर आज एखाद्या बऱ्या शाळेत असती, किंवा नसती, कारण पास झालं म्हणजे नोकरी असं काही नाहीच, ते तर तुम्ही आधीच लिहून ठेवता की पास होणं म्हणजे नेमणुकीचा हक्क नव्हे. तारीख हलली की माफी नाही, पास झालं की नोकरी नाही, पण फी मात्र वेळेत, शेवटच्या तारखेच्या रात्री बारा वाजेपर्यंत, तिथे काही प्रशासकीय कारण येत नाही. जानेवारी २०२४ च्या परीक्षेला २६ लाखांवर अर्ज आले होते. हजाराने गुणा. दोनशे साठ कोटी. आता मला माहीत आहे की एससी-एसटी आणि दिव्यांगांना निम्मी फी असते आणि दोन्ही पेपरवाल्यांना बाराशे, त्यामुळे माझा हिशेब इकडेतिकडे होईल, पण थोडा कमी धरला तरी त्यात एक माणूस बसवता आला असता जो नोटीस काढायच्या आधी कॅलेंडर बघेल की त्या दिवशी दुसरी परीक्षा आहे का.

भाषेचं तर बोलायलाच नको, पण बोलते. वीस भाषांत परीक्षा असं छापता. आम्ही खूश, यादीत मराठी आहे. आत जाऊन बघितलं तर मराठी फक्त भाषेच्या तीस प्रश्नांना, बाकी बालमानसशास्त्र, गणित, परिसर अभ्यास सगळं हिंदी किंवा इंग्लिश. बावीस वर्षं मी अपूर्णांक मराठीत शिकवतेय, आणि पेपरात त्याचं हिंदी 'भिन्न' वाचून पहिल्यांदा वाटलं हे काय वेगळंच. शेजारच्या गावातली कोंकणी माध्यमाची टीचर, तिचं तर त्याहून. यादीत गारो आहे, खासी आहे, तिबेटी आहे, असावीतच, पण कोंकणी नाही. राज्याची राजभाषा नाही! आम्ही इथे १९६७ पासून मराठी की कोंकणी करून एकमेकांची डोकी फोडतोय आणि तुमच्याकडे गेल्यावर कळतं की एकीला तीस मार्क आणि दुसरीला शून्य. भांडण मिटवायची ही पद्धत चांगली आहे.

तुम्ही म्हणाल नोटीस ऑक्टोबरात आली होती, अर्ज २७ नोव्हेंबर ते १८ डिसेंबर, मग शेवटी शेवटी का भरला? सांगते. ४ नोव्हेंबरपासून मी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, होते. मतदारयादीचे फॉर्म घेऊन दारोदार. कुळागरातून, डोंगरावरच्या वाड्यावर, जिथे कुत्रे आधी येतात आणि मतदार नंतर. २००२ च्या यादीत आजोबांचं नाव शोधून द्यायचं, रात्री ॲपवर चढवायचं, रेंज नाही म्हणून देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचं. ते संपतंय तोवर २० डिसेंबरला जिल्हा पंचायतीचं मतदान, त्याचं ट्रेनिंग. दुसरीचा वर्ग त्या दिवसांत मदतनीस बाईने सांभाळला, खिचडी शिजवता शिजवता. म्हणजे देशाचा मतदार कोण हे ठरवायला मी पात्र, मतपेटी सांभाळायला पात्र, फक्त दोन अधिक दोन शिकवायला पात्र आहे का हे बघायचं राहिलंय.

आणि पात्रता परीक्षा तुमचीही असतेच की पाच वर्षांनी. ती घेतं कोण? आम्हीच. शाळा आमची, बाकं आमची, बोटाला शाई लावणारा हात आमचा. तुमच्या त्या परीक्षेची तारीख गावातल्या शेंबड्या पोराला पण माहीत असते, रिक्षावर भोंगा लावून सांगतात, घरी येऊन चिठ्ठी देतात, केंद्र कुठलं, खोली कुठली, आणि माणूस चालत जाईल एवढ्या अंतरावर. घाट चढून मत द्यायला कुणी सांगत नाही. म्हणजे नीट सांगायचं ठरवलं तर येतं तुम्हाला.

भाचीचा होणारा नवरा बोटीवर आहे. त्याची कंपनी कुठल्या देशातली देव जाणे, पण त्याला कुठल्या तारखेला चढायचं आणि कुठल्या तारखेला उतरायचं ते किती महिने आधी कागदावर येतं. वादळ, वारा, समुद्र सगळं सांभाळून त्यांना तारीख पाळता येते.

मागण्या लिहायच्या होत्या, पुतण्या म्हणाला काकी पॉइंट काढ नाहीतर कुणी वाचणार नाही. पॉइंट काय काढू. परीक्षेची तारीख द्या ती एकदाच द्या, बदलली तर खरं कारण लिहा, नसेल घ्यायची तर नाही म्हणा, नोटीस मराठीत-कोंकणीत पण असू दे, आणि एक आधी, दोन नंतर. ह्यात अवघड काय आहे ते मला कळवा, मी पहिलीच्या वर्गात समजावते तसं समजावून सांगेन.

एक राहिलं, आणि हे घाईचं आहे. साखरपुडा शेवटी गेल्या वर्षी संक्रांतीनंतर झाला, लग्न आता ह्या वर्षी. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, त्यामुळे मुहूर्त जून अखेरचा नाहीतर जुलैचा, पोरगा तेव्हाच उतरतोय. आणि आम्ही दोघी, मावशी आणि भाची, ह्या वेळी पास झालो नाही तर परत बसणार आहोत. तर पुढची सीटेट जुलैत आहे का, असली तर कुठल्या रविवारी, की शनिवारी, की दोन्ही? भटजी थांबलेत, हॉलवाला ह्यावेळी ॲडव्हान्स परत देणार नाही म्हणतोय.

आपली,
सत्तरीतली एक टीचर
(पात्रता प्रलंबित)