गारा मोजायला काही नाही, मग पंचनामा कशाचा?

प्रति,
मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

मार्चमध्ये रोहतांगला बर्फ पडला की टीव्हीवर बर्फात खेळणारे पर्यटक दिसतात. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडचा संत्रा बागायतदार तीच बातमी पाहून ताडपत्री शोधायला उठतो. संबंध सरळ आहे. भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ टाकतो, पंजाब-हरियाणात पाऊस पाडतो. त्याची द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) दक्षिणेकडे लांबली की पाच-सहा किलोमीटर उंचीवरची थंड, कोरडी हवा विदर्भावर येते. खालून बंगालच्या उपसागराचे दमट वारे असतातच. त्यात दुपारची तापलेली जमीन, म्हणजे तीननंतर ढग बारा किलोमीटरच्या वर चढायला आणखी काही लागत नाही. या दिवसांत शून्य अंशाची पातळी साधारण चार किलोमीटरवर असते. ढगाचा मोठा भाग तिच्या वर, तिथेच गारा मोठ्या होतात.

अंदाज चुकतात, ही आमची तक्रार नाही. विक्षोभ चार-पाच दिवस आधी नकाशावर दिसतो, ऑरेंज अलर्ट येतो, नागपूरच्या डॉप्लर रडारवर ढगही दिसतो, विजेसाठी 'दामिनी' ॲप आहे. गाडे अडते ते गारा पडून गेल्यावर. कुठे पडल्या, केवढ्या आणि किती वेळ, याचा लेखी पुरावा कोणाकडेच नसतो.

महसूल मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजते. गारा मोजत नाही. उलट गारा पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यातून उसळून बाहेर जातात किंवा नरसाळे बुजवून बसतात आणि वितळल्यावर हळूहळू आत उतरतात. म्हणजे पावसाचा आकडा कमी आणि वेळही चुकलेली. शिवाय गारांचा पट्टा अनेकदा एक-दोन किलोमीटरच रुंद असतो. एका धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडे झाड उघडे पडते, पलीकडे पान हलत नाही. केंद्र पट्ट्याच्या बाहेर असले की कागदावर त्या दिवशी काही घडलेलेच नसते.

यावर स्वस्त उपाय आहे आणि तो जगात अनेक ठिकाणी वापरात आहे: गारपट्टी. 30 बाय 30 सेंटिमीटरचा, अडीच सेंटिमीटर जाडीचा घट्ट थर्माकोलचा तुकडा घ्यायचा. उन्हाने तो भुरभुरा होतो, म्हणून वरून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल ताणून गुंडाळायची. कमरेच्या थोड्या वर येईल अशा खांबावर तो अगदी सपाट बसवायचा. झाड, तार, छप्पर यांपासून दूर. मागच्या बाजूला गाव, गट क्रमांक, लावल्याची तारीख आणि उत्तर दिशेचा बाण. गारा पडल्या की पट्टी काढून दुसरी लावायची. खळग्याच्या व्यासावरून गारेचा आकार कळतो, खळग्यांच्या संख्येवरून मारा कळतो, आणि खळगे लांबट असतील तर वारा कुठून होता तेही. ठरावीक उंचीवरून लोखंडी गोळ्या टाकून आकाराचे कोष्टक एकदाच बनवावे लागते. हे काम कृषी विद्यापीठाचे. पट्टी ढिली बसली, तिरपी लागली किंवा फॉइल आधीच फाटलेली असली तर नोंद निरुपयोगी होते, म्हणून दर पंधरवड्याला कोणीतरी तिच्याकडे बघायला हवे. गावागणिक दोन पट्ट्या, जानेवारी ते एप्रिल. खर्चाचे म्हणाल तर फलक छापण्यात याहून जास्त जातो.

दुसरी मागणी पंचनाम्याच्या वेळेची. आज तलाठी (पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी, लोकांच्या तोंडी तलाठीच), कृषी आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी एकदा येतात, पाहतात आणि जातात. गव्हाला ते चालते. लोळलेला गहू दुसऱ्या दिवशीही लोळलेलाच असतो. संत्र्याला चालत नाही. मार्चमध्ये मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) तयार फळे काही बागांत झाडावर असतात, तर आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची) वाटाण्याएवढी फळे नुकती धरलेली असतात. मार लागलेले मोठे फळ दुसऱ्या दिवशी जवळजवळ चांगले दिसते. चेपलेली जागा पुढे तपकिरी होते, तिथून सड शिरते आणि फळगळ नंतर सुरू होते. तिसऱ्या दिवशी पंचनामा झाला तर कागदावर 20 टक्के नुकसान येते, पंधराव्या दिवशी झाडाखाली वेगळाच हिशेब पडलेला असतो. आणि मदतीसाठी अट किमान 33 टक्के नुकसानीची.

म्हणून दोन पाहण्या हव्यात: पहिली तिसऱ्या दिवसाच्या आत, दुसरी पंधराव्या दिवशी, त्याच झाडांवर. पद्धत अवघड नाही. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी 277 झाडे बसतात. बागेच्या कर्णावरची दहा झाडे निवडून प्रत्येकाच्या चार दिशांच्या चार फांद्यांना रंगीत फीत बांधायची, फांदीवरची फळे पहिल्या पाहणीत मोजायची आणि पंधराव्या दिवशी पुन्हा. आंबियाची नैसर्गिक गळ होतच असते, ती शेतकऱ्याच्या नावावर धरू नये आणि सरकारच्याही नाही. त्यासाठी पट्ट्याबाहेरच्या, न झोडपलेल्या एका बागेत हीच मोजणी करून तेवढी टक्केवारी वजा करावी. गारपट्टीचा उपयोग इथेच: पट्ट्याची हद्द तिच्यामुळे ठरते.

2022 ते 2026 साठीच्या केंद्राच्या निकषांत बहुवार्षिक फळबागेला हेक्टरी 22,500 रुपये, बागायतीला 17,000 आणि जिरायतीला 8,500 रुपये होते, तेही दोन हेक्टरपर्यंत. रकमेवर आज बोलत नाही. पण 2025 च्या खरिपापासून राज्यातला पीक विमा पीककापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतले पीक कापून काढलेल्या मंडळाच्या सरासरीवर गेला. मंडळाच्या सरासरी उत्पन्नात किलोमीटरभराचा गारांचा पट्टा विरघळून जातो. फळपीक विम्यात गारपिटीचे संरक्षण वेगळा हप्ता भरून मिळते, पण तिथेही 72 तासांत कळवायचे असते. वीज गेलेली, टॉवर बंद, ॲप उघडत नाही, अशा गावात 72 तास झटकन सरतात. गावातल्या दोन गारपट्ट्यांवर खळगे उमटले तर त्या शिवारातल्या सर्वांची सूचना आपोआप मिळाली असे धरावे. रडारच्या नोंदीही त्या पंचनाम्याला जोडाव्यात.

गावांत वाटायच्या पत्रकात एवढे जरूर छापावे. सोंगलेला हरभरा वावरात पसरून न ठेवता उंच जागी गंजी लावून झाकावा, गंजीभोवती चर काढावा. गारा पडून गेल्यावर बागेतले पाणी आधी काढावे. मोडक्या फांद्या कापून जखमांना बोर्डो पेस्ट लावावी: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक दहा लिटरला 30 ग्रॅम फवारावे. फळगळीसाठी 100 लिटरला एक ग्रॅम जीए-3 (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) आणि एक किलो युरिया. जीए-3 पाण्यात थेट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावे. पडलेली फळे झाडाखाली कुजू न देता खड्ड्यात पुरावीत.

गारा फोडणाऱ्या तोफांचे प्रस्ताव कोणी आणले तर परत पाठवा. त्यांना शास्त्रीय आधार नाही, असे जागतिक हवामान संघटनेचे म्हणणे आहे. तोच पैसा थर्माकोल आणि फॉइलवर घाला.

हिवाळी अधिवेशन नागपूरला होते डिसेंबरात, गारा पडतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा आपण मुंबईत असता. म्हणून आदेश डिसेंबरातच, इथे असताना काढावा: काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि सावनेर या चार तालुक्यांत जानेवारीअखेर पट्ट्या उभ्या राहतील एवढाच. खांबांसाठी धुऱ्यावरची जागा आम्ही देऊ, पंधरवड्याची पाहणीही करू.

आपले,
नागपूर जिल्ह्यातील काही संत्रा बागायतदार व कृषी पदवीधर