भाच्याला झाडावर चढवण्याआधी

नागपूर
ऑक्टोबर

प्रिय विज्या,

तुझं पत्र पोचलं. ताईचा ओंकार माझ्याकडे कामाला यायचं म्हणून राहिला, ताईने फक्त अन्नपाणी सोडायचं बाकी ठेवलंय, आणि तू म्हणतोस की झाडं छाटायच्या या धंद्यात नेमकं काय असतं ते चार ओळींत लिहून पाठव. चार ओळींत होत नाही, राजा. फोनवर सांगितलं तर तू ताईपर्यंत अर्धंच पोचवशील, म्हणून हे लांबलचक लिहितोय. तिलाही वाचायला दे.

ओंकारने माझे व्हिडिओ पाहिलेत. दोरावर लटकलेला माणूस, हातात चेनसॉ म्हणजे पेट्रोलवरची साखळी-करवत, खाली धाडकन येणारी फांदी. खोटं काहीच नाही त्यात. पण या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो तो जमिनीवर उभं राहून वर बघण्यात आणि लोकांना नाही म्हणण्यात, आणि ते व्हिडिओत येत नाही. रामदासपेठेतून एखाद्या काकूंचा फोन येतो: कडुनिंबाची पानं अंगणात पडतात, वरून सपाट करून द्या. धरमपेठेत कुणी छतावर सोलर बसवलं की त्याला दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्याचा आंबा खुपायला लागतो. सगळ्यांना झाड शेंड्यातून छाटून हवं असतं. मी नाही म्हटलं की दुसरा कुणी कोयता घेऊन येतो आणि दुपारपर्यंत झाडाचा खांब करून जातो. मग त्या खांबातून भसाभस धुमारे फुटतात आणि मालक खूश होतो, बघा कसं जोमानं फुटलं! ते धुमारे नुसते वरच्या थराला धरून असतात. जुन्या फांदीसारखं त्यांचं लाकूड खोडात आतपर्यंत गेलेलं नसतं. खाली कापातून कूज उतरत जाते, वर धुमारे जड होत जातात, आणि एखाद्या मे महिन्यात वळवाचं वादळ आलं की गाडीच्या टपावर येतात. तेव्हा मात्र फोन मलाच येतो.

अमेरिकेत अ‍ॅलेक्स शायगो नावाचा वनरोगतज्ज्ञ होऊन गेला. त्याने हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून आत काय झालंय ते पाहिलं. त्याचं सांगणं असं की आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. इजा झालेला भाग झाड आतून जणू भिंती घालून बंद करतं आणि त्यावरून नवं लाकूड चढवतं. खराब झालेलं आत तसंच राहतं, झाड जगेल तितकी वर्षं. म्हणजे आपण दिलेला एकही काप परत घेता येत नाही. कापावर रंग किंवा डांबर फासून कूज थांबत नाही हेही त्याने दाखवलं. तरी आपल्याकडे मालक डांबराचा डबा घेऊन शिडीखाली तयार असतोच.

म्हणून फांदी कुठे कापायची याला महत्त्व. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडा असतो, आम्ही त्याला कॉलर म्हणतो. काप त्या कड्याच्या अगदी बाहेरून द्यायचा. कडा कापला तर खोडालाच जखम. फार लांबून कापलं तर खुंटी उरते आणि तीच कुजून आत जाते. जड फांदी एका कापात काढायची नाही, नाही तर ती पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. आधी बुडापासून हातभर लांब खालून थोडा काप, मग त्याच्या जरा बाहेर वरून पूर्ण काप, आणि वजन गेल्यावर उरलेली खुंटी कॉलरशी. एवढं हाताला वळण लागायलाच पोट्ट्याचे काही महिने जातात.

आता सामान. तुला उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स आठवत असेल. तू पुढे बँकेत चिकटलास, मी त्याच गाठींवर पोट भरून राहिलो. पण तिथला दोर इथे चालत नाही. गिर्यारोहणाचा दोर पडणाऱ्याचा झटका पचवायला ताणला जातो. झाडाचा दोर फारसा ताणला जात नाही, कारण इथे माणूस सतत दोरावरच बसलेला असतो. जाडी ११ ते १३ मिलिमीटर आणि ताकद दोन टनांहून जास्त. पण ताणला जात नाही म्हणूनच त्यात ढील ठेवून चालायचं नाही. दोन मीटरची पडझडसुद्धा कंबर मोडू शकते. दोर वर जातो तो असा: साडेतीनशे ग्रॅमची, छर्रे भरलेली छोटी पिशवी बारीक दोरीला बांधून हव्या त्या बेचक्यातून फेकायची आणि तिच्यामागे जाड दोर ओढून घ्यायचा. ओंकार क्रिकेट खेळतो ना? हे त्याला लवकर जमेल.

बसायला हार्नेस म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, त्याला तीन हालचाली केल्याशिवाय न उघडणारे कॅराबिनर म्हणजे धातूच्या कड्या, आणि खोडाभोवती घ्यायला लॅनयार्ड म्हणजे आखूड दोर. करवत चालवताना मुख्य दोर आणि लॅनयार्ड असे दोन्ही बांधलेलेच हवेत, कारण करवतीला लाकूड आणि दोर यातला फरक कळत नाही. बुटाला लावायचे काटे येतात. ते घालून चढणं सोपं, पण जगवायच्या झाडावर मी ते वापरत नाही. प्रत्येक पावलाला एक भोक. चेनसॉची पँट जड असते. तिच्यात लांब धाग्यांचे थर असतात, साखळी लागली की धागे ओढले जाऊन करवत जाम होते. आपल्या उन्हात ती घालणं म्हणजे शिक्षाच आहे, तरी घालायची. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल लिटरमागे २० मिली, साखळीचं ऑइल वेगळं, आणि कानस रोज. बोथट साखळी माणसाला जोर लावायला लावते आणि जोर लावला की करवत उसळते. पातीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर ती सरळ तोंडाकडे येते.

सगळ्या सामानाला एका चांगल्या मोटारसायकलीइतका खर्च येतो. त्यातलं हेल्मेट, हार्नेस आणि दोर जुने घ्यायचे नाहीत, कितीही ओळखीचा माणूस विकत असला तरी.

आणखी एक हिशोब ओंकारला करायला सांग. ३० सेंटिमीटर जाडीचा आणि तीन मीटर लांबीचा ओला ओंडका दोनशे किलोच्या आसपास भरतो. तो मोकळा सोडून मध्येच दोरावर अडकवला तर दोराला बसणारा हिसका याच्या कितीतरी पट असतो. म्हणून खोडाला दोर घासून रोखणारा ब्रेक बांधून, खालचा माणूस दोर हळू सोडत फांदी उतरवतो. वरच्याचा जीव खालच्याच्या हातात असतो, आणि टाळ्या वरच्याला मिळतात.

शिक्षणाचं म्हणशील तर इंग्लंडात चेनसॉची देखभाल व जमिनीवरची कापणी, दोरावर चढणं व वरून माणूस सोडवून आणणं, आणि त्यानंतर दोरावरून चेनसॉ चालवणं, अशा वेगवेगळ्या परीक्षा आहेत. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या झाडांची निगा राखणाऱ्यांच्या संस्थेची परीक्षा द्यायला तीन वर्षांचा अनुभव किंवा शिक्षण आणि अनुभवाची जोड लागते. आपल्याकडे कोयता आणि सुंभ असला की माणूस झाडवाला झाला. त्यामुळे माझ्याकडचा क्रम मीच ठरवलाय, आणि तो ओंकारला आवडणार नाही. पहिला पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा जमिनीवर. फांद्या ओढायच्या, रस्त्यावरची माणसं अडवायची, दोर सोडायचा, साखळी घासायची, पानावरून नव्हे, सालीवरून झाड ओळखायचं. मग बुटक्या शिरीषावर चढणं, आणि लगेच वाळूचं पोतं हार्नेसमध्ये अडकवून ते वरून उतरवणं. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकून राहिला तर थोड्या वेळातच जिवावर बेतू शकतं, म्हणून चढणारा दुसरा माणूस खाली नसेल तर आम्ही कामच सुरू करत नाही. चेनसॉ सगळ्यात शेवटी.

नागपूरचं काही वेगळंही आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला की सहाला सुरू करून दहाला खाली उतरायचं; खिशात कांदा ठेवायची आजीची पद्धत माझी पोरं पाळतात, मी पाण्याचे कॅन पाळतो. झाडालाही ऊन लागतं. गच्च सावलीतली फांदी एकदम उघडी पडली की तिची साल भाजून तडकते, म्हणून इथे हात राखून विरळ करायचं. उंच झाडावर आग्या मोहोळ आहे का ते दुर्बिणीने आधी बघायचं; करवतीच्या आवाजाने ते उठलं तर दोरावरच्या माणसाला पळायला जागा नसते. आणि सिमेंटचे रस्ते! बुंध्यापर्यंत काँक्रीट आणि गट्टू, मुळ्या एका बाजूने तोडलेल्या, वर हिरवागार गुलमोहर. असं झाड वरून निरोगी दिसतं आणि पहिल्या वादळात मुळासकट आडवं होतं. उलट सिव्हिल लाइन्समधला पोकळ कडुनिंब बघून लोक घाबरतात. मी नायलॉनच्या हातोडीने बुंधा ठोकत, आवाजावरून पोकळी ओळखत फेरी मारतो. क्लाउस मॅथेक या जर्मन अभ्यासकाचा ठोकताळा आहे की उरलेल्या लाकडाची जाडी त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल तर पोकळ खोडही बराच भार पेलतं. बुडाशी गॅनोडर्मा ही लाकूड कुजवणारी बुरशी फुटली असेल तर मात्र मी गंभीर होतो. झाडावर आधीच वाळलेली एखादी खुंटी रस्त्यावर येत नसेल तर मी ठेवून देतो. तांबट पक्षी तिथे घरट्यासाठी भोक पाडतो.

कायद्याचंही त्याला शिकावं लागेल. स्वतःच्या अंगणातलं झाडसुद्धा महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात. कागद हातात नसेल तर आमची करवत पेटीतच राहते. यावरूनही गिऱ्हाइकं तुटतात.

पैसा बरा आहे पण सारखा नाही. पावसाळ्याआधी रांग, श्रावणात शांतता. ताईला हेही सांग की धोका आहे, तो मी लपवत नाही.

तिने हो म्हटलं तर दिवाळीनंतर पाठव. घोट्यापर्यंतचे बूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन येऊ दे, राहायला आमची वरची खोली रिकामीच आहे. अपघाताचा विमा मी इथे काढतो, तो हातात येईपर्यंत त्याला झाडाखालीही उभा करणार नाही. नाही म्हटली तरी लवकर कळव, कारण नोव्हेंबरात एका मोठ्या रेन ट्रीचं काम घेतलंय आणि खाली दोर धरायला दोन हात कमी आहेत.

तुझा,
सुध्या