ड्रायपोर्टच्या आधी धुळीचं बघा

संपादक साहेब, नमस्कार.

निफाडच्या ड्रायपोर्टचं, म्हणजे समुद्रापासून लांबच्या कंटेनर यार्डाचं, घोडं कधी ना कधी गंगेत न्हाणारच. आमचा विरोध अजिबात नाही, उलट द्राक्षाचा नि कांद्याचा कंटेनर इथूनच रेल्वेने न्हावाशेवाला गेला तर कोणाला नकोय, पण तिथल्या धुळीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र.

बंदराची धूळ म्हटलं की विशाखापट्टणम नाहीतर मुरगावचा कोळसा आठवतो. क्रेनचा ग्रॅब (माल उचलणारा पंजा) उंचावरून उघडला की काळा ढग उठतो, म्हणून तो हॉपरमध्ये (माल ओतायच्या मोठ्या नरसाळ्यात) खाली नेऊन उघडायचा, कन्व्हेअर झाकायचा, ढिगावर पाणी मारायचं. आपल्याकडे कंटेनर येणार, मग कसली धूळ? न्हावाशेवालाही बहुतेक कंटेनरच, मी मालाबरोबर दोन-चार वेळा गेलोय, धूळ उठते ती चाकांखालून. कच्च्या पार्किंगमधली माती चाकाला चिकटून डांबरावर येते, वाळते, मागच्या ट्रेलरखाली तिचं पीठ होतं. वर रीफरचं (थंड कंटेनरचं) डिझेल जनरेटर, गाडी रांगेत उभी असली तरी चालूच, बंद केलं की माल गेला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बागेशेजारी रस्त्याचं काम निघालं, ठेकेदाराचा टँकर सकाळी एकदा पाणी मारून जायचा नि अर्ध्या तासात सगळं परत कोरडं. धुळीच्या पानांवर लाल कोळी (पानांचा रस शोषणारी कीड) किती पटापट वाढतो ते बागायतदाराला सांगायला नको. बरं मणी धुवावे तर वरचा नैसर्गिक पांढरट थर जातो, मग एक्स्पोर्टवाला हात लावत नाही.

म्हणून यार्ड आधी पूर्ण काँक्रीट करा, गेटवर चाकं धुवायची सोय ठेवा आणि तेच पाणी गाळून परत वापरा (उन्हाळ्यात येवल्याला प्यायला टँकर लागतात, इथे धुळीवर ओतणार का?), रीफरला लाईटचे प्लग द्या. पीएम १० (हवेतली बारीक धूळ) मोजायचं यंत्र ऑफिसच्या गच्चीवर नको, वारा जिकडे जातो तिकडे बागांच्या बाजूला बसवा. नियम २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमचा आहे, आकडा गेटवरच्या बोर्डावर रोज दिसू द्या. नाशिक शहर तसंही राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा नियमात न बसणाऱ्या शहरांच्या, यादीत आहेच.

आणि मोजणी काम सुरू व्हायच्या आधीच घ्या, नंतर "ही धूळ पहिल्यापासूनच होती" म्हणायला जागा राहायला नको.

एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक