वायरमन दादांना, आईंच्या वतीनेही

सप्रेम नमस्कार.

दादा, धायरीला आमच्याकडे तुम्ही आलात ते बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बसवायला, आणि पैसेही तेवढ्याच कामाचे घेतलेत. बाकी जे केलंत त्याबद्दल दारात घाईघाईनं ‘थँक्यू हं’ म्हटलं, तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. शिवाय गच्चीवर सोलर पॅनेल आणि जिन्याखाली बॅटरी अशी घरं आता पुण्यात बरीच दिसतात. त्यांच्याही कामी येईल म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

तुम्हाला त्या दिवशी अर्धीच हकिकत कळली होती. तीन किलोवॅटचं सोलर आमच्याकडे आधीपासून होतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली की माझं घरून चालणारं काम अडायचं, म्हणून मागाहून पाच युनिटची बॅटरी घेतली. तेव्हापासून मोबाईलवरच्या सोलर ॲपच्या आलेखात ‘घरातला वापर’ ही नारिंगी रेघ सकाळी दहाला चढू लागायची, बाराच्या सुमारास सव्वादोन किलोवॅटला जाऊन टेकायची आणि दोनपर्यंत खाली यायची. संध्याकाळी सातनंतर जवळजवळ शून्य. म्हणजे आम्ही सगळे घरात, टीव्ही, पंखे, मिक्सर चालू, तेव्हा वापर नाहीच. आणि सासूबाई एकट्या असताना घर धो धो वीज खातंय! बॅटरी बसवणाऱ्यांना फोन केला तर त्यांनी उलट विचारलं, “मॅडम, दुपारी घरी कोण असतं?” झालं. हे आईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी दुपारचा पंखा बंद ठेवायला सुरुवात केली. एप्रिल महिन्यात. रेघ तसूभरही हलली नाही, तरी त्या पदरानंच वारा घेत बसायच्या.

तुम्ही शिडीवरून उतरलात आणि आधी तेच विचारलंत, “काकू, पंखा बिघडलाय का?” मोबाईल दाखवल्यावर म्हणालात, “चित्र राहू द्या, वायर बघू.” डीबीचं, म्हणजे सगळे एमसीबी असतात त्या पेटीचं, झाकण उघडून घराकडे जाणाऱ्या वायरीला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला नुसता चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, लावलात. सव्वा अँपिअर. म्हणजे तीनशे वॅटच्या आतबाहेर: फ्रिज, राउटर आणि तुम्ही मुद्दाम लावलेला पंखा. मग तोच चिमटा बॅटरीच्या वायरीला लावलात, तर साडेआठ अँपिअर, जवळपास दोन किलोवॅट. पुढचं मला फार आवडलं. तुम्ही बॅटरीचा एमसीबी खाली पाडलात आणि चहा मागितलात, कारण ॲप पाच-पाच मिनिटांनी आकडा घेतं. चहा संपेपर्यंत ‘घरातला वापर’ कड्यावरून ढकलल्यासारखा कोसळला होता. पंखा गरगर फिरतच होता.

आमच्या ॲपमधला वापर थेट मोजलेलाच नसतो, तो बेरीज-वजाबाकीनं काढलेला असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. लाईट बिलाच्या पाठीवर तुम्ही लिहून दिलंत: सोलरची वीज, अधिक बाहेरून आलेली, वजा बाहेर गेलेली, अधिक बॅटरीतून निघालेली, वजा बॅटरीत गेलेली. आमच्या जुन्या सोलर ॲपला शेवटच्या दोन गोष्टींचा पत्ताच नव्हता. मेन लाईनवरच्या एका सीटीवरून, म्हणजे वायरीभोवती बसवलेल्या करंट मोजणाऱ्या कड्यावरून, ते हिशेब मांडायचं. दुपारी बॅटरीत चाललेली वीज त्याला घरानं खाल्ल्यासारखी वाटे. रात्री बॅटरी घर चालवी, बाहेरून काही येत नसे, सोलर झोपलेलं, म्हणून ते शून्य दाखवी. गंमत म्हणजे दिवसाची बेरीज फारशी चुकत नव्हती, रेघेचा आकार तेवढा खोटा होता. आणि माणसं भांडतात ती आकारावरूनच.

तुमच्या सांगण्याप्रमाणे बसवणाऱ्यांकडून बॅटरीच्या वायरीवर दुसरा सीटी लावून घेतला. त्यावरचा दिशेचा बाण बघून घ्यायला तुम्ही बजावलं होतंत ते बरं झालं. पहिल्या दिवशी तो उलटाच लागला होता आणि बॅटरी म्हणे रात्री नऊला चार्ज होत होती! आता रेघ माणसात आलीय. पाच युनिट आत गेले तर साडेचारच्या आसपास परत मिळतात, ती घटही नीट दिसते.

गीझरचंही तुम्ही सांगितलंत ते पटलं. दोन किलोवॅटचा उंच सुळका पंधरा मिनिटांचा असेल तर अर्धंच युनिट, आणि तळाशी सरपटणारी फ्रिजची बुटकी रेघ दिवसभरात त्याच्या दुप्पट खाऊन बसते. उंचीकडे नाही, रेघेखालच्या जागेकडे बघायचं. आमच्या ह्यांना हे अजून पटलेलं नाही. ते सकाळी गीझरच्या बटणापाशी पहारा देतात. पावसाळ्यात आलेखाच्या डावीकडचे आकडे आधी वाचायचे हेही ध्यानात ठेवलंय, कारण दिवसभर ढग असले की ॲप पट्टी आपोआप लहान करतं आणि दोनशे वॅटचा सिंहगड होतो. महिनाअखेरीला नेट मीटरचे आयात-निर्यातीचे आकडे बिलाशी ताडून बघते, ते जुळतात.

आईंना पंख्याचा रेग्युलेटर पुन्हा पाचावर दिसला की बरं वाटतं. त्यांचा तुम्हाला निरोप आहे: देवघराजवळचा स्विच टाकताना ठिणगी उडते, सवडीनं बघून जा, आणि या खेपेला पूर्ण पैसे घ्या. जेवायच्या वेळेला आलात तर आमरस आहे.

तुमची,
धायरीच्या काकूंची सून