शिकलगार चाचांना, एका न घेतलेल्या तलवारीबद्दल

चाचा, सलाम.

हे पत्र तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवेल आणि तुम्ही हातातलं काम न थांबवता ऐकाल, हे मला ठाऊक आहे. चालेल.

गणपती झाल्यावर मी नंदगडहून भातकापणीचे विळे आणि एक कोयता घेऊन तुमच्याकडे बेळगावला आलो होतो. धार लागेपर्यंत मोबाईलवर ऑनलाइन लिलाव बघत बसलो होतो. 'सतराव्या शतकातली मराठा धोप, सरदार घराण्यातून' (धोप म्हणजे लांब, सरळ पात्याची तलवार), बोली ८५ हजारांवर आणि उरलेला वेळ दोन तास. घरची तलवार आजोबांच्या काळातच गेली, खंडेनवमीला आम्ही नुसता कोयता पूजतो. अंगठा बटणावर होता. तुम्ही चष्मा वर करून विचारलंत, "काय बघालास गा एवढं?"

मी वर्णन वाचून दाखवायला लागलो. तुम्ही काळ्या अंगठ्याने तो मजकूर झाकलात. "हे ऱ्हाऊ दे. फोटो मोठा कर."

त्यानंतरचा अर्धा तास मी विसरणार नाही. आधी तुम्ही मूठ बघितलीत, पातं नाही. जुनी मूठ आतून झिजते, जिथे बोटं आणि घाम लागतो तिथे. हिची आतली कड कोरीच आणि बाहेरून मात्र घासून म्हातारी केलेली. गंज सगळीकडे एकसारखा नारिंगी. जुना गंज काळपट तपकिरी होऊन लोखंडात मुरतो, असा हळदीसारखा वर बसत नाही, म्हणालात. मग परजेखालचा, म्हणजे हात वाचवणाऱ्या आडव्या दांडीखालचा सांधा. आपल्याकडे पात्याचं शेपूट मुठीत तापवलेल्या लाखेने बसवायचे. इथे वेल्डिंगचा मणी दिसत होता. विक्रेत्याला वजन विचारायला लावलंत, उत्तर आलं सव्वादोन किलो. तुम्ही हसलात. "लढाईची तलवार किलोभराच्या आसपास. ह्यानं काय लाकडं फोडायची?"

पात्यावर दातेरी चंद्रकोरींचा शिक्का होता, त्यावर मी अडून बसलो. इटलीतल्या जिनोव्हाचा शिक्का म्हणजे फिरंगी पातं, हे मी कुठेतरी वाचलेलं. पण परदेशी पात्यांना भाव होता म्हणून तो शिक्का आपल्या कारागिरांनीही पिढ्यान्‌पिढ्या उठवला, हे तुम्ही सांगितलंत. "शिक्का म्हंजे आधार कार्ड न्हवं." (आधार कार्डाचीही नक्कल होते, पण तेव्हा सुचलं नाही.)

पात्याच्या पाठीवरची सोनेरी अक्षरंही तशीच. २०२५ मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून आणली. तिच्या फिरंगी पात्याच्या पाठीवर देवनागरीत नाव आहे, आणि तेव्हापासून माझा तर प्रत्येक सोनेरी नावावर जीव जातो. या तलवारीवरची अक्षरं आमच्या गावच्या फ्लेक्सवर असतात तशी, कॉम्प्युटरच्या वळणाची होती. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं त्यावर बोट ठेवलंत. मी बोली लावली नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच विक्रेत्याने '१८२४ च्या कित्तूरच्या लढाईतली' म्हणून दुसरी पाठवली. नंदगडच्या माणसाला कित्तूर आणि इंग्रजांशी लढून नंदगडलाच फाशी गेलेला रायण्णा सांगितला की तो विरघळणार, हे त्याने बरोबर हेरलं होतं. ती मी तुम्हाला न विचारताच सोडली. एवढं शिकवलंत म्हणून सांगतो.

शेवटी घेतली ती कट्यार, दुसऱ्या माणसाकडून. टोक जाड ठेवलेलं, चिलखतात घुसण्यासाठी, मुठीच्या आडव्या दांड्या हात लागून झिजून गुळगुळीत. बोली लावण्याआधी तुम्ही दोन गोष्टी बजावल्यात: शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू, तेव्हा विकणाऱ्याचा परवाना बघ, आणि नऊ इंचांवरचं पातं हत्यारांच्या नियमात येतं, म्हणून पोलीस ठाण्यात आधी विचारून ये. विचारून आलो. पातं साडेसात इंच निघालं.

ती घेऊन आलो तेव्हा मला वाटलं, आता तुम्ही ती चकचकीत करून द्याल. तीन पिढ्या शिकल करून, म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देऊन, पोट भरलेलं घर तुमचं. तुम्ही कट्यार उजेडात फिरवलीत, शिवणमशीनच्या तेलाचा बोळा एकदाच फिरवलात आणि परत दिलीत. "पैशे मिळाले असते मला, खरं हे घासायचं न्हाई. घासलं तर ह्याचं वय जातंय." लिंबू लावून जौहर, म्हणजे पोलादातली नक्षी, काढून बघूया म्हटलं, तर ओरडलात.

खंडेनवमीला आईने झेंडू वाहिला. ओल्या हळदीकुंकवाने गंज चढतो हे तुमचं सांगणं तिला पटलं नाही, म्हणून कुंकू म्यानाला लावलं आणि वाद मिटवला.

त्या दिवशीच्या कोयत्याचे चाळीस रुपये मी गडबडीत द्यायचेच विसरलो. तुम्ही मागितलेही नाहीत. येत्या शनिवारच्या बाजारी आणून देतो.

तुमचा,
नंदगडचा कोयतेवाला