तुझ्या सासू-सासऱ्यांचा पार्ट डी

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासू-सासऱ्यांच्या ग्रीन कार्डाला येत्या मार्चमध्ये पाच वर्षं होतील. वय पासष्टच्या पुढे आणि इथलं वास्तव्य सलग पाच वर्षांचं, की मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, घेता येतं. मधे ते भारतात बराच काळ राहून आलेत, म्हणून त्यांच्या येण्या-जाण्याच्या तारखा लिहून काढ आणि सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसातून पाच वर्षं नक्की कधी भरतात ते पक्कं करून घे.

दोघांनीही अमेरिकेत नोकरी केलेली नाही. त्यामुळे हॉस्पिटलचा पार्ट ए त्यांना फुकट मिळणार नाही. विकत घ्यायचा तर २०२६ साली माणशी महिना ५६५ डॉलर पडतात. पण डॉक्टरांच्या खर्चाचा पार्ट बी, २०२.९० डॉलरचा, एकटा घेता येतो आणि औषधांच्या पार्ट डीला ए किंवा बी यांतलं एक असलं तरी पुरतं. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजला (खासगी कंपनीमार्फत सगळं एकत्र देणारी मेडिकेअर योजना) मात्र दोन्ही लागतात. म्हणजे नुसता बी घेणार असाल, तर स्वतंत्र पार्ट डीच शोधायचा. ए-बी दोन्ही घेऊन अ‍ॅडव्हान्टेजमध्ये गेलात, तर वेगळा पार्ट डी घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. एचएमओ किंवा पीपीओ (ठरावीक डॉक्टरांच्या जाळ्यावर चालणाऱ्या योजना) प्रकारात असताना वेगळी औषध योजना घेतली, की माणूस अ‍ॅडव्हान्टेजमधून आपोआप बाहेर पडतो. अनेकांना ते पहिलं बिल आल्यावरच कळतं.

नाव नोंदवायची मुदत सात महिन्यांची असते: पात्र होण्याचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन. मार्च धरला तर डिसेंबर ते जून. सासूबाईंच्या गोळ्या तीनच आहेत, मग पार्ट डी पुढच्या वर्षी बघू, असं मुळीच करू नका. मुदत संपल्यावर तोडीस तोड औषध विम्याशिवाय सलग ६३ दिवस किंवा जास्त गेले, तर राहिलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे राष्ट्रीय मूळ प्रीमियमच्या १ टक्का दंड लागतो. २०२६ चा मूळ प्रीमियम ३८.९९ डॉलर आहे. दोन वर्षं थांबलं, तर २४ टक्के, म्हणजे महिना ९.४० डॉलर. रक्कम छोटी वाटते, पण पार्ट डी असेपर्यंत, म्हणजे बहुधा आयुष्यभर भरावी लागते, आणि मूळ प्रीमियम वाढला की तीही वाढते. भारतातली मेडिक्लेम पॉलिसी इथे धरत नाहीत. आज इथला कुठला विमा असेल, तर तो 'क्रेडिटेबल', म्हणजे पार्ट डीच्या तोडीस तोड, असल्याचं पत्र लेखी मागून घे आणि जपून ठेव.

आता औषधांची यादी. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालव, कारण योजनेची निवड यादीवरून होते, जाहिरातीवरून नाही.

भारतातून आणलेल्या पाकिटांवरची ब्रँडची नावं इथल्या संगणकाला कळत नाहीत. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, अशी मूळ नावं काढ. काही औषधं अमेरिकेत मिळतच नाहीत. मधुमेहाची व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड यांना इथे मान्यता नाही. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत, हा आपल्याकडचा नेहमीचा जोडही इथे मिळत नाही. त्यामुळे नाव नोंदवायच्या आधी दोघांना इथल्या डॉक्टरांकडे नेऊन औषधं इथल्या पद्धतीत बसवून घे. मगच योजना शोधायला बस.

यादीत नाव, ताकद, गोळी की कॅप्सूल, दिवसातून किती वेळा, हे सगळं हवं. मेटोप्रोलॉलचे दोन क्षार येतात, सक्सिनेट आणि टार्ट्रेट. पहिली लांब टिकणारी, सहसा दिवसातून एकदा. दुसरी सहसा दोनदा. एकीऐवजी दुसरी भरली, की आकडे चुकतात. मेटफॉर्मिन ईआरचं (ईआर म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी) तर त्याहून वाईट. साधी ईआर गोळी अगदी स्वस्त आहे, पण वेगळ्या बनावटीच्या ईआर गोळ्याही त्याच नावाने येतात आणि त्या कित्येक पट महाग असतात. प्रिस्क्रिप्शनवर 'साधी जेनेरिक ईआर' असंच डॉक्टरांकडून लिहून घे.

यादी झाली, की मेडिकेअर डॉट गव्हवर पिनकोड, औषधं आणि जवळच्या तीन-चार फार्मसी भर. निकाल महिन्याच्या प्रीमियमवर लावू नकोस. औषधं आणि प्रीमियम मिळून वर्षाचा एकूण खर्च किती, त्यावर लाव. शून्य प्रीमियमची योजना एका महागड्या गोळीपायी सगळ्यात महाग ठरू शकते. फार्मसीही बदलून बघ. एकाच योजनेत 'प्रेफर्ड', म्हणजे योजनेच्या पसंतीच्या, दुकानात आणि दुसऱ्या दुकानात त्याच गोळीच्या किमतीत बराच फरक पडतो. आणि दोघांना एकच योजना घ्यायची गरज नाही. पार्ट डीमध्ये कुटुंबाची पॉलिसी नसते, प्रत्येकाची स्वतंत्र असते. सासऱ्यांना एक आणि सासूबाईंना दुसरी स्वस्त पडली, तर तशीच घ्यायची.

सासऱ्यांच्या एलिक्विसचा (रक्त पातळ ठेवायची गोळी) हिशेब करून दाखवते, म्हणजे बिलं आली की घाबरणार नाहीस. २०२२ च्या कायद्याने सरकारला काही औषधांचे भाव ठरवता येऊ लागले. पहिल्या दहा औषधांचे भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. एलिक्विस महिना २३१ डॉलर, मधुमेहाची जानुव्हिया ११३. योजनेला कायद्याने ठेवता येणारा सगळ्यात मोठा डिडक्टिबल, म्हणजे योजना पैसे द्यायला लागायच्या आधी आपण भरायची रक्कम, २०२६ साली ६१५ डॉलर आहे. एप्रिलपासून सुरुवात धरली, तर एप्रिल आणि मे पूर्ण २३१. जूनमध्ये डिडक्टिबलचे उरलेले १५३ आणि बाकीच्या ७८ चे २५ टक्के म्हणजे १९.५०, एकूण १७२.५०. जुलैपासून महिना ५७.७५. डिसेंबरपर्यंत ९८१ डॉलर. बऱ्याच योजना टक्क्यांऐवजी ठरावीक कोपे (दर वेळी आपण द्यायची ठरलेली रक्कम) लावतात, काहींचा डिडक्टिबल कमी असतो, तेव्हा हा ढाचा म्हणून बघ. एप्रिलमध्ये आलात म्हणून डिडक्टिबल कमी होत नाही आणि जानेवारीत तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

खिशातून जाणाऱ्या पैशाला २०२६ साली २,१०० डॉलरची मर्यादा आहे. ती गाठली, की योजनेत बसणाऱ्या औषधांना वर्षअखेरपर्यंत काही द्यावं लागत नाही. पण प्रीमियम त्यात धरत नाहीत, योजनेच्या यादीबाहेरचं औषध धरत नाहीत, डिस्काउंट कार्डावर घेतलेलं सहसा धरत नाहीत आणि भारतातून आणलेलं तर नाहीच नाही. अर्ध्या गोळ्या पुण्याहून मागवायच्या आणि मर्यादाही गाठायची, हे जमत नाही.

खर्च सुरुवातीच्या महिन्यांत एकदम येऊ नये, म्हणून तो वर्षभर वाटून भरायची सोय २०२५ पासून आहे. व्याज नाही. नोंदणी योजनेकडे करायची, फार्मसीकडे नाही. एकूण रक्कम मात्र कमी होत नाही, आणि उशिरा नोंदवलं तर फारसा उपयोग होत नाही. दोघांचं उत्पन्न कमी आहे, तेव्हा सोशल सिक्युरिटीकडे 'एक्स्ट्रा हेल्प'चा, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना औषधखर्चात मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, अर्ज जरूर कर. तो मिळाला, की दंडही माफ होतो. शिवाय तुम्ही न्यू जर्सीत आहात. तिथे औषधखर्चाला मदत करणारी राज्याची पीएएडी योजना आहे. उत्पन्नाच्या अटीत बसलात, तर जेनेरिकला ५ आणि ब्रँडला ७ डॉलर.

काउंटरवर औषध नाकारलं, तर हताश होऊन परत येऊ नका. तीन कारणं नेहमीची: आधी परवानगी हवी, आधी स्वस्त औषध करून बघायला हवं, किंवा ठरलेल्यापेक्षा जास्त गोळ्या लिहिल्यात. कारण विचारून घे आणि डॉक्टरांना योजनेकडे 'एक्सेप्शन'चा, म्हणजे नियमाला अपवाद करण्याचा, अर्ज समर्थनासह पाठवायला सांग. समर्थनाचा कागद पोचल्यापासून ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं, तातडीचं असेल तर २४ तासांत. योजना नवी असेल आणि चालू असलेलं औषध तिच्या यादीत नसेल, तर पहिल्या ९० दिवसांत एकदा महिनाभराचा साठा मिळतो. हे त्यांना सांगावं लागतं, स्वतःहून कुणी सांगेलच असं नाही.

नागिणीची लस पार्ट डीमधून फुकट मिळते, दोन डोस. डॉक्टरांकडे नको, फार्मसीतच घे. बिलाचा गोंधळ होत नाही.

सप्टेंबरअखेर दोघांनाही पुढच्या वर्षीच्या बदलांचं पत्र येईल. ते फेकू देऊ नकोस. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर योजना बदलता येते, आणि औषधांच्या याद्या दरवर्षी हलतात. अडलंस तर १-८००-६३३-४२२७ वर फोन कर, दुभाषा मागता येतो. राज्याच्या शिपचे (मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी सरकारी सेवा) सल्लागारही फुकट मदत करतात आणि ते काही विकत नाहीत.

यादी तयार झाली, की लेबलांचे फोटो मला पाठव. क्षारांची नावं मी तपासून देते.

तुझी,
आई