पहिलं वर्ष पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला उद्योजकांच्या गोष्टी येतात त्या आमच्या बचत गटात आम्ही मोठ्याने वाचतो, म्हणजे एकजण वाचते आणि बाकीच्या पॅकिंग करत ऐकतात. आम्ही अकराजणी होतो, आता नऊ आहोत. करवीर तालुक्यातलं गाव आमचं, घरचं गुऱ्हाळ सासऱ्यांच्या वेळेपासूनचं, आणि गेली तीन वर्षं आम्ही गुळाची पावडर आणि चहात टाकायच्या छोट्या वड्या करून विकतोय. हे पत्र मी तक्रार म्हणून लिहीत नाहीये, पण एक गोष्ट मनात फार दिवस सलते आहे ती लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या दोघी गट सोडून गेल्या. त्यातली एक सगळ्यात कष्टाची होती, पहाटे पाचला चुलवाणाजवळ हजर असायची. जाताना ती म्हणाली, ताई पेपरात वाचलं ना आपण, त्या बाईनं एका वर्षात एवढा धंदा उभा केला, आपले दोन हंगाम गेले आणि अजून हप्ता फेडायला पण घरातून पैसे आणतोय, आपल्यातच काहीतरी कमी आहे. मी तिला खूप समजावलं पण मला त्या वेळी नीट सांगता आलं नाही. तेच आज सांगतेय.

त्या बातमीत पहिल्या वर्षाबद्दल एकच ओळ होती, 'सुरुवातीला अनेक अडचणी आल्या पण त्यांनी जिद्द सोडली नाही'. साहेब, आम्हाला ज्याची गरज होती ते सगळं त्या एका ओळीत गेलं. कुठल्या अडचणी? पहिलं गिऱ्हाईक कोण होतं, ते दुसऱ्यांदा आलं का, माल परत आला तेव्हा काय केलं, पैसे कुठून भरले? हे कुणीच सांगत नाही, ट्रेनिंगमध्ये पण नाही. ट्रेनिंगला आम्हाला पॅकिंग शिकवलं, लेबल शिकवलं, ब्रँडचं नाव कसं ठेवायचं ते शिकवलं. पण आधी साध्या पिशवीत वीस जणांना विकून बघा आणि मग पाऊच छापा, हे कुणी बोललं नाही आणि आम्ही अर्ध्या किलोचे 5000 पाऊच छापून बसलो कारण प्रेसवाला त्याच्यापेक्षा कमी छापतच नव्हता. पुढं कळलं की नवीन माणूस अर्धा किलो घेतच नाही, त्याला आधी चव बघायची असते, त्याला पाव किलोच्या आतलं काहीतरी पाहिजे. ते पाऊच अजून माळ्यावर आहेत. आता आम्ही साधा पाऊच आणतो आणि वर स्टिकर लावतो, दिसायला तेवढं भारी नाही पण वजन बदलायचं तर नुसतं स्टिकर बदलायचं.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पाहुणे. पहिल्या महिन्यात 62 जणांनी पाकीट घेतलं आणि आम्हाला वाटलं झालं, जमलं. सगळ्यांनी कौतुक केलं, फोटो स्टेटसला ठेवले. दोन महिन्यांनी वही काढून बघितलं तर परत मागणारे 9. बाकीच्यांना विचारलं तर म्हणायचे छान आहे हो, संपलं की सांगतो. ते संपतच नव्हतं. कारण त्यांनी गुळासाठी घेतलंच नव्हतं, आमच्यासाठी घेतलं होतं. त्यांना दोष नाही, मायेनं घेतलं. पण त्या 62 वर विसंबून आम्ही दुसऱ्या आधणाचा, म्हणजे रस उकळून गूळ करायच्या दुसऱ्या खेपेचा, माल काढला तो पडून राहिला. तेव्हापासून वहीत दोन रकाने केलेत, पहिल्यांदा घेतलं आणि परत मागितलं. आम्ही दर गुरुवारी फक्त दुसरा रकाना वाचतो.

ते जे 9 होते ना, त्यांच्याकडं आम्ही स्वतः गेलो. कोल्हापुरातल्या एका कॉलनीतल्या बाई होत्या, त्यांना विचारलं तुम्ही कशाला वापरता, तर म्हणाल्या नातवाच्या नाचणीच्या खिरीत, खिसायला लागत नाही म्हणून. आम्ही समजत होतो लोक बिनकेमिकलचा म्हणून घेतात. त्या घेत होत्या खिसायचा त्रास वाचतो म्हणून! मग आम्ही ज्यांच्या घरात लहान मूल आहे अशा घरी जायला लागलो, त्याच कॉलनीत आणि शेजारच्या कॉलनीत, आणि सहा महिन्यांत तिथं चाळीसभर घरं पक्की झाली. लांबच्या प्रदर्शनात तीन दिवस उभं राहून जेवढं विकलं नाही तेवढं त्या दोन कॉलनीत दर महिन्याला जातं.

आता रंगाची गोष्ट सांगते कारण त्यात आमचं जास्तीत जास्त रडणं झालंय. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, नाव मोठं आहे, पण बाहेरचा माणूस कोल्हापुरी म्हणलं की पिवळा धमक गूळ डोळ्यासमोर आणतो. तो पिवळेपणा बऱ्याच वेळा हायड्रॉस नावाचं केमिकल घालून आणलेला असतो, ज्यानं रस उजळतो आणि गुळात सल्फर राहतं. आम्ही रानभेंडीच्या रसानं मळी काढतो आणि हायड्रॉस घालत नाही, त्यामुळं आमचा गूळ तांबूस, कधी कधी चॉकलेटीच निघतो. पुण्याला पहिल्यांदा स्टॉल लावला तर लोक हातात घेऊन विचारायचे जळलाय का, जुना आहे का. दिवसभर तेच. संध्याकाळी आमच्यातली एक म्हणाली थोडं घालूया, पाहिजे तो रंग देऊया, निदान माल तरी जाईल. त्या रात्री आमचं भांडण झालं. नाही घातलं. पण दुसऱ्या दिवशी आम्ही काय केलं तर बाजारातला पिवळा आणि आमचा, दोन्ही ताटलीत चवीला ठेवले आणि मोबाईलवर आमच्या काहिलीचा व्हिडिओ लावून ठेवला, रस उकळताना वर मळी येते ती कशी काढतात ते सगळं. बोलायचं कमी केलं. त्या दिवशी पहिल्या दिवसाच्या दुप्पट माल गेला असं नाही म्हणणार, पण जळलाय का हा प्रश्न कमी आला, आणि चव घेतलेली माणसं उभी राहून बोलायला लागली.

ह्यावरून मला किर्लोस्करांची गोष्ट आठवते, आपल्याकडं सगळ्यांना नाव माहीत आहे पण ती गोष्ट कमी जणांना. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. आणि तो नांगर शेतकरी घेईनात, कारण समज असा की लोखंडानं जमिनीत विष उतरतं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं! आणि पुढं बेळगावातली जागा पण सोडायला लागली, तेव्हा औंधच्या राजांनी जमीन दिली आणि 1910 मध्ये निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आमच्या इथून फार लांब नाही. मी विचार करते की त्या दोन वर्षांत त्यांच्या घरात काय बोलणं होत असेल. माल चांगला आहे हे करणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला ते वर्षानुवर्षाच्या सवयीच्या विरुद्ध वाटतं, आणि त्याची भीती खोटी असली तरी त्याच्यासाठी ती खरीच असते, कारण जमीन त्याची आहे, पोट त्याचं आहे. त्याला अडाणी म्हणून चालत नाही.

दुसरा धक्का चहाचा. गुळाच्या चहाच्या गाड्या आता सगळीकडं झाल्यात म्हणून आम्ही एका गाडीवाल्याला पाच किलो पावडर दिली, चार दिवसात परत. दूध फाटतंय म्हणाला, दोनदा पातेलं ओतून दिलं, गिऱ्हाइकासमोर. आम्हाला इतकी लाज वाटली. पण आम्ही परत त्याच्याकडंच गेलो आणि त्याच्या शेगडीजवळ उभं राहून बघितलं. तो पाणी, दूध, गूळ सगळं एकत्र उकळत होता. गुळात थोडा आंबटपणा असतो, उकळत्या दुधात पडला की दूध नासतं. त्याला चहा पावडर आणि दूध उकळून गॅस बंद करून मग गूळ टाकायला सांगितलं, चहा जमला. हे आता आमच्या प्रत्येक पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. तो गाडीवाला आज आमचा महिन्याचा पक्का गिऱ्हाईक आहे आणि त्यानं अजून दोन गाड्या लावून दिल्या. त्यानं माल परत केला नसता, गप्प बसून नुसतं घेणं बंद केलं असतं, तर आम्हाला कधी कळलंच नसतं.

आणि पावसाळा. पहिल्या वर्षी जुलैमध्ये 118 पाकिटं परत आली, पावडरीचा गोळा झालेला, काही पाकिटात तर पाणी सुटलेलं. सगळी बदलून दिली, त्यात साधारण 14 हजार गेले आणि त्याच महिन्यात बँकेचा हप्ता होता. आम्ही पाऊचला दोष देत होतो. आमचा गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा, म्हातारा माणूस, त्यानं एकच विचारलं, ऊस कधी तोडला होता? वहीत बघितलं तर त्या आधणाचा ऊस तोडून तीन दिवस गुऱ्हाळावर पडून होता, मजूर नव्हते म्हणून. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर फुटते, मग गूळ नीट बसत नाही, मऊ राहतो आणि हवेतलं पाणी ओढतो. म्हणजे जुलैमधलं नुकसान आम्ही फेब्रुवारीतच करून ठेवलं होतं! आता ज्या दिवशी तोड त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी गाळप, नाहीतर तो गूळ पावडरीला घ्यायचा नाही, ढेपेलाच जाऊ द्यायचा. पाऊच पण जाड आतून चंदेरी थराचा घेतला. दुसऱ्या पावसाळ्यात 11 पाकिटं परत आली. शून्य नाही, 11.

ह्या वेळी लिज्जतची गोष्ट आमच्या कामी आली. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, पहिल्या दिवशी चार पाकिटं. हे सगळे सांगतात. पण पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवायला लागलं होतं हे कमी सांगतात. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला, खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह, काम चालू. आणि पहिल्या वर्षाची विक्री 6196 रुपये. सुरुवातीला त्यांनी स्वस्तातला वेगळा पापड पण केला होता, मग सल्ला मिळाला की एकच चांगला माल ठेवा, दर्जा सोडू नका. मी हे गटात सांगितलं तेव्हा सगळ्या एकदम गप्प झाल्या आणि मग एकजण म्हणाली, म्हणजे त्यांचे पण चार महिने गेले होते. साहेब, त्या एका वाक्यानं जेवढा धीर आला तेवढा कोटीच्या आकड्यांनी कधी आला नाही. पण तोपर्यंत ती पहाटे पाचला येणारी गेली होती. तिला हे आधी ऐकायला मिळालं असतं तर थांबली असती का, मला माहीत नाही, पण स्वतःत काहीतरी कमी आहे असं समजून तरी गेली नसती.

म्हणून माझी विनंती आहे की तुमच्या पुरवणीत ज्यांच्या गोष्टी छापता त्यांना चार प्रश्न जास्त विचारा. पहिले दहा गिऱ्हाईक कोण, त्यातले परत किती आले, कुठला माल परत आला आणि का, आणि त्या महिन्यात घर कसं चाललं. नफ्याचा आकडा छापा, जरूर छापा, पण त्याच्या शेजारी पहिल्या वर्षाचा पण छापा. आणि जे बंद पडले त्यांचं पण कधीतरी छापा, नाव नको असेल तर नावाशिवाय. आमच्या आसपासच्या गावात मसाल्याचे, शेवयांचे, लोणच्याचे किती गट दोन वर्षात बंद पडले आणि त्यांनी काय शिकलं ते त्यांच्याबरोबरच गेलं, नवीन गट परत तेच 5000 पाऊच छापतो.

जे मोठे झालेत त्यांनाही सांगायला आवडेल असं मला वाटतं, कुणी विचारलं तर. नुसत्या जिद्दीनं दूध फाटायचं थांबत नाही, शेगडीजवळ जाऊन उभं राहायला लागतं, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आमच्या वहीची तीन वर्षांची पानं हवी असतील तर मी झेरॉक्स काढून पाठवते, परत आलेल्या पाकिटांच्या तारखा आणि कारणं सगळं त्यात आहे, गटातल्या सगळ्यांची त्याला संमती आहे. ह्या वर्षीचं पहिलं आधण दिवाळीनंतर निघेल. सोडून गेलेल्या दोघींना पण त्या दिवशी गुऱ्हाळावर बोलावलंय.

आपली,
एक वाचक, करवीर तालुका, जि. कोल्हापूर